पीएचपीच्या चुका: नोंद सगळ्यांची, प्रदर्शन एकाचंही नको

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली साइट सांभाळताना चुकांबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. कुठल्या चुकांची दखल घ्यायची, हा एक. घेतलेली दखल कुणाला दिसायची, हा दुसरा. आमच्या धंद्यात बरेच जण दोन्ही प्रश्न एकाच फटक्यात निकालात काढतात. पानावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक उमटलं की फाइलच्या डोक्यावर एरर_रिपोर्टिंग(०) लिहायचं. ओळ गायब, गिऱ्हाईक खूश. मी दादर-परळकडच्या काही दुकानांच्या, एका वधूवर सूचक मंडळाच्या आणि लालबागच्या बाजूच्या काही गणेशोत्सव मंडळांच्या साइट बघते. दुसऱ्या कुणाकडून माझ्याकडे आलेल्या साइटमध्ये हे शून्य कुठेतरी दडलेलं असतंच. आल्या आल्या मी ते शोधते आणि काढून टाकते.

पुढे जाण्याआधी एक. इथे सगळी नावं आणि आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत, फाइलमध्ये ते रोमन लिपीत टाकायचे. 'ई_' आणि 'डब्ल्यूपी_'ने सुरू होणारी नावं कॅपिटल अक्षरांत, बाकीची स्मॉल अक्षरांत, आणि मधली खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर.

कामाची सेटिंग तीन. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नोंदवही असते आणि लिफ्टशेजारी नोटीस बोर्ड असतो, तसं समजा. कोण आला तर लिहायचं हे ठरवतं एरर_रिपोर्टिंग. वहीत लिहायचं की नाही हे ठरवतं लॉग_एरर्स. बोर्डावर लावायचं की नाही हे ठरवतं डिस्प्ले_एरर्स. बोर्डावर गर्दी झाली म्हणून वॉचमनला 'कुणाचंच नाव लिहू नकोस' असं कुठलाही सेक्रेटरी सांगणार नाही. एरर_रिपोर्टिंग(०) नेमकं तेच सांगतं.

माझा नियम सोपा आहे: एरर_रिपोर्टिंग कायम ई_ऑल, म्हणजे सगळ्या चुकांची दखल. घरच्या लॅपटॉपवर ई_ऑल, खऱ्या सर्व्हरवरही ई_ऑल. दोन ठिकाणी फरक करायचा तो डिस्प्ले_एरर्समध्ये, लॅपटॉपवर ऑन आणि सर्व्हरवर ऑफ. लॉग_एरर्स दोन्हीकडे ऑन.

आता पातळ्या, म्हणजे चुकांचे प्रकार. प्रत्येक पातळीला एक आकडा आहे आणि प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट: ई_एरर १, ई_वॉर्निंग २, ई_पार्स ४, ई_नोटीस ८. मग कोअर आणि कंपाइलचे चार, १६ ते १२८. ते पीएचपीच्या स्वतःच्या पोटातले, तुमच्या वाट्याला क्वचितच येतील. पुढे २५६, ५१२ आणि १०२४ हे ट्रिगर_एरर वापरून तुम्ही स्वतः उठवलेल्या चुकांसाठी. ई_स्ट्रिक्ट २०४८, ई_रिकव्हरेबल_एरर ४०९६, ई_डेप्रिकेटेड (आज चालतं, पुढे बंद होऊ शकतं) ८१९२ आणि तुम्ही स्वतः उठवलेलं डेप्रिकेटेड १६३८४. सगळ्यांची बेरीज ३२७६७, तेच ई_ऑल. पीएचपी ८.४मध्ये ई_स्ट्रिक्ट ही पातळीच काढून टाकली, त्यामुळे तिथे ई_ऑल ३०७१९ भरतं. जुन्या फाइलमध्ये ३२७६७ हाताने लिहिलेलं असेल तरी काही बिघडत नाही.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण बेरीज-वजाबाकी जमली तर दुसऱ्याने केलेली सेटिंग वाचता येते. पीएचपीइन्फो() बोलावणारी फाइल उघडली की चालू सेटिंगचं पान दिसतं. त्या पानावर एरर_रिपोर्टिंगसमोर नाव नसतं, नुसता आकडा असतो. समजा तिथे २२५२७ दिसलं. ३२७६७मधून ते वजा केलं की उरतात १०२४०, म्हणजे ८१९२ अधिक २०४८. याचा अर्थ डेप्रिकेटेड आणि स्ट्रिक्ट वगळले आहेत. पीएचपी ८.३पर्यंत सोबत येणाऱ्या 'प्रॉडक्शन'च्या (खऱ्या सर्व्हरसाठीच्या) नमुना फाइलमध्ये हेच असायचं, असं लिहिलेलं:

ई_ऑल & ~ई_डेप्रिकेटेड & ~ई_स्ट्रिक्ट

यात '&' म्हणजे 'आणि', '~' म्हणजे 'हे सोडून'. दोन-तीन पातळ्या तेवढ्या निवडायच्या असतील तर मध्ये '|' टाकायची: ई_एरर | ई_वॉर्निंग | ई_पार्स. 'सोडून'च्या जागी वजाचं चिन्ह टाकू नका. एखादी पातळी आधीच वगळलेली असेल तर साधी वजाबाकी भलतंच उत्तर देते.

'नोटीस म्हणजे किरकोळ, ती बंद केली तर काय होतंय,' असं मला नेहमी ऐकवलं जातं. एका मंडळाच्या वर्गणीच्या पावतीचं उदाहरण सांगते. आधीच्या माणसाने फॉर्ममधल्या चौकटीचं नाव 'रक्कम' बदलून 'देणगी' केलं होतं. पावती छापणारी फाइल मात्र अजून 'रक्कम'च वाचत होती. अॅरेमध्ये (फॉर्ममधून आलेल्या माहितीच्या यादीत) नसलेली चावी, म्हणजे रकान्याचं नाव, वाचली की पीएचपी थांबत नाही. नल, म्हणजे 'काहीच नाही', हातात देतं आणि पुढे चालू लागतं. नल छापलं की कोरी जागा, बेरजेत घातलं की शून्य. म्हणजे पावतीवर देणगीदाराचं नाव, इमारत, खोली नंबर सगळं व्यवस्थित, रकमेची जागा तेवढी मोकळी, आणि महिन्याच्या एकूण जमेत त्या वर्गणीची भर शून्य. साइट पीएचपी ७वर होती, तिथे या चुकीची पातळी नोटीस, आणि होस्टिंगवर नोटीस वगळलेली. कुठे एक ओळ उमटली नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि साइटवरची जमा जुळेना तेव्हा खजिनदारांनी फोन केला. मी एरर_रिपोर्टिंग ई_ऑल केलं आणि एक चाचणी पावती काढली. लॉगमध्ये फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि हरवलेल्या चावीचं नाव सरळ लिहून आलं.

पीएचपीवाल्यांनाही हे पटलं असावं. २६ नोव्हेंबर २०२०ला पीएचपी ८.० आलं तेव्हा न ठरवलेलं व्हेरिएबल आणि अॅरेतली नसलेली चावी या दोन्हींची पातळी नोटीसवरून वॉर्निंगवर नेली. शिवाय काहीच सांगितलं नाही तर लागू होणारी पातळीही ई_ऑल केली, त्याआधी नोटीस, स्ट्रिक्ट आणि डेप्रिकेटेड आपोआप वगळले जायचे. म्हणूनच साइट ७वरून ८वर नेली की 'अपडेट केलं आणि साइट बिघडली' असे फोन येतात. चुका पहिल्यापासून तिथेच असतात, दिसायला लागतात एवढंच.

आता हे कुठे लिहायचं? चार जागा आहेत, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे.

पहिली पीएचपी.इनी, म्हणजे सेटिंगची मूळ फाइल. सर्व्हर तुमचा स्वतःचा असेल तर हीच. एका मशीनवर या नावाच्या फाइली मात्र अनेक असतात. उबुंटूवर सीएलआय (कमांड लाइन), एफपीएम (वेबसर्व्हरपासून वेगळं चालणारं पीएचपी) आणि अपाची (वेबसर्व्हर) यांची वेगवेगळी फोल्डर असतात आणि प्रत्येकात स्वतंत्र पीएचपी.इनी. टर्मिनलवर 'पीएचपी --इनी' चालवून जी फाइल दिसते ती कमांड लाइनची. ती बदलून ब्राउझरमध्ये फरक शोधत बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. ब्राउझरसाठी कुठली फाइल लागू आहे ते पीएचपीइन्फोच्या पानावर 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'समोर बघा. त्याच पानावर 'लोकल व्हॅल्यू' आणि 'मास्टर व्हॅल्यू' असे दोन रकाने आहेत. दोन्हीत वेगळे आकडे दिसले, तर खालच्या कुठल्यातरी जागेवरून कुणीतरी सेटिंग फिरवली आहे. फाइल बदलल्यावर एफपीएम किंवा अपाची रीलोड करायचं, नाहीतर जुनंच चालू राहतं.

दुसरी '.यूजर.इनी'. शेअर्ड होस्टिंगवर मूळ पीएचपी.इनीला हात लावू देत नाहीत, तेव्हा साइटच्या फोल्डरात ही फाइल ठेवायची. पीएचपी सीजीआय (वेबसर्व्हरबाहेर पीएचपी चालवायची जुनी पद्धत) किंवा एफपीएमवर चालत असेल तरच ती वाचली जाते. बदल लगेच दिसत नाही, कारण ती ३०० सेकंद लक्षात ठेवली जाते. सेव्ह करा, चहा टाका, मग तपासा. पहिल्याच मिनिटाला 'चालत नाही' म्हणून तीच ओळ आणखी चार ठिकाणी लिहून ठेवू नका, पुढे निस्तरणाऱ्याला त्रास होतो.

तिसरी '.एचटीॲक्सेस'. पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तेव्हाच हिचा उपयोग. चालू-बंदसाठी पीएचपी_फ्लॅग, आकड्यासाठी पीएचपी_व्हॅल्यू:

पीएचपी_फ्लॅग डिस्प्ले_एरर्स ऑफ
पीएचपी_व्हॅल्यू एरर_रिपोर्टिंग ३२७६७

इथे ई_ऑल हे नाव चालत नाही. ही फाइल अपाची वाचतं आणि त्याला पीएचपीची नावं ठाऊक नसतात, म्हणून आकडाच द्यायचा. आणि एफपीएमवर चाललेल्या साइटमध्ये या ओळी टाकल्या तर अपाचीला त्या कळत नाहीत आणि अख्खी साइट ५०० (सर्व्हरवर चूक झाल्याचा कोड) देते. होस्टिंग कंपनीने मागच्या मागे पीएचपीची पद्धत बदलली आणि सकाळी साइट बंद, याचं कारण बऱ्याचदा या जुन्या ओळी असतात.

चौथी जागा म्हणजे कोडमध्येच, सगळ्यात आधी चालणाऱ्या फाइलच्या सुरुवातीला:

एरर_रिपोर्टिंग(ई_ऑल);
इनी_सेट('डिस्प्ले_एरर्स', '०');
इनी_सेट('लॉग_एरर्स', '१');

सोपी वाटते म्हणून सगळे हीच वापरतात, पण हिला एक मर्यादा आहे. त्याच फाइलमध्ये अर्धविराम किंवा कंस राहिला असेल तर फाइल वाचतानाच पीएचपी थांबतं. या ओळींपर्यंत गाडी पोहोचतच नाही आणि पार्स एररला इनीमधलीच जुनी सेटिंग लागू होते. लॅपटॉपवर पांढरं पान दिसतंय आणि 'मी तर डिस्प्ले ऑन केलंय' म्हणून तुम्ही वैतागला असाल, तर कारण बहुधा हेच. लॅपटॉपवरची सेटिंग इनीतच करा. डिस्प्ले_स्टार्टअप_एरर्सही तिथेच ऑन ठेवा.

सर्व्हर एफपीएमवर असेल आणि एकाच मशीनवर बऱ्याच साइट असतील, तर मी पूलच्या (एफपीएममधल्या त्या त्या साइटच्या) फाइलमध्ये पीएचपी_अॅडमिन_फ्लॅग वापरून डिस्प्ले_एरर्स बंद करते. तिथे बंद केलेलं कोडमधल्या इनी_सेटला उघडता येत नाही. रात्री कुणी घाईघाईत डिस्प्ले चालू करून विसरलं तरी सकाळी गिऱ्हाइकासमोर काही येत नाही.

खऱ्या सर्व्हरवर डिस्प्ले बंद ठेवण्याचं कारण दिसायला वाईट दिसतं एवढंच असतं, तर मी एवढा आग्रह धरला नसता. चुकीच्या ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता असतो, त्यात बऱ्याचदा होस्टिंगचं यूजरनेम असतं. डेटाबेसशी जोडणी तुटली आणि एक्सेप्शन (कोडमधून उठलेली चूक) कुणी पकडलं नाही, तर पूर्ण स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कोणतं बोलावलं याची यादी) छापला जातो. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या ट्रेसमध्ये डेटाबेसचा पासवर्डही उमटू शकतो. वधूवर मंडळाच्या साइटमागे शेकडो घरांच्या मुलामुलींच्या पत्रिका, पगार, फोन नंबर आहेत. तिथे असला ट्रेस दिसणं मला परवडणारं नाही. पीएचपी ७.४पासून झेंड.एक्सेप्शन_इग्नोर_आर्ग्स हे सेटिंग आहे. ते ऑन केलं की फंक्शनला पाठवलेल्या व्हॅल्यू ट्रेसमधून गळतात. मी ते सर्व्हरवर ऑन ठेवते, कारण तोच ट्रेस लॉगमध्येही जातो.

दुसरं कारण तांत्रिक आहे. पीडीएफ किंवा जेसन (ॲपला पाठवायची माहिती) पाठवणाऱ्या पानावर एक वॉर्निंग छापली गेली की पुढचं सगळं नासतं. पीडीएफ उघडत नाही, मोबाइल ॲप गप्प होतं, आणि लॉगिनच्या पानावर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं. तिसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं: डिस्प्ले ऑन असताना साइट फेटल एररने कोसळली तरी ब्राउझरला जाणारा कोड २०० असू शकतो, म्हणजे 'सगळं ठीक'. डिस्प्ले ऑफ असेल आणि आधी काही पाठवलं गेलं नसेल तर पीएचपी ५०० पाठवतं. साइट पडली की मोबाइलवर मेसेज पाठवणारी सेवा लावली असेल, तर तिला हा ५०० दिसायला हवा.

आता नोंदवही. लॉग_एरर्स ऑन केलं आणि एरर_लॉगमध्ये फाइलचा पत्ता दिला नाही, तर नोंदी वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये जातात आणि बाकीच्या ढिगात हरवतात. प्रत्येक साइटला वेगळी फाइल द्या, आणि ती ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या बाहेर ठेवा. पीएचपी ज्या यूजरच्या नावाने चालतं त्याला तिथे लिहायची परवानगी हवी, नाहीतर फाइल कोरी राहते आणि आपण म्हणतो, 'व्वा, एकही चूक नाही.'

लॉगमधल्या वेळेकडेही बघा. डेट.टाइमझोन ठरवलेलं नसेल तर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) पडते. दादरचे साडीवाले सांगतात, 'मॅडम, रात्री दहाला ऑर्डर अडकली,' आणि तुम्ही लॉगमध्ये दहा शोधता. ती ओळ असते दुपारी साडेचारच्या नोंदींत. इनीमध्ये डेट.टाइमझोन = एशिया/कोलकाता लिहा. त्या यादीत मुंबई नाही, शोधू नका.

लॉग फुगतो, खास करून ई_ऑल ठेवल्यावर. लिनक्सवर लॉगरोटेट लावा, ते जुने लॉग आपोआप बाजूला काढतं. त्यावर भागवण्यापेक्षा जी ओळ सगळ्यात जास्त वेळा येते तिचं मूळ दुरुस्त करा. हजारो ओळी दिसल्या तरी त्यामागे बहुधा मोजक्याच जागा असतात. एखाद्या लूपमधली एक नोटीस लॉगची पानंच्या पानं भरते. इग्नोर_रिपीटेड_एरर्स नावाचं सेटिंगही आहे. मी वापरत नाही, कारण किती वेळा झालं हेही मला कळायला हवं असतं.

डेप्रिकेटेडबाबत थोडी सवलत देते. ही पातळी म्हणजे 'आज चालतंय, पुढच्या मोठ्या आवृत्तीत चालेलच असं नाही.' पीएचपी ८.१पासून मजकूर हवा तिथे एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनला नल दिलं तर अशी ओळ येते, ८.२पासून क्लासमध्ये न सांगितलेली प्रॉपर्टी ऐनवेळी जोडली तर येते. साइट बाहेरच्या लायब्ररींवर उभी असेल आणि त्या जुन्या असतील तर लॉग याच ओळींनी भरतो आणि खरी वॉर्निंग बुडते. तेव्हा सर्व्हरवर तात्पुरतं ई_ऑल & ~ई_डेप्रिकेटेड चालवून घ्या. लॅपटॉपवर मात्र नाही. आवृत्ती बदलायची तारीख ठरली की सर्व्हरवरही परत चालू करा, कारण कामाची यादी तीच आहे.

'@' या चिन्हाचा राग मी लपवत नाही. फंक्शनच्या आधी '@' लावलं की तेवढ्यापुरत्या चुका दाबल्या जातात. पीएचपी ८पासून ते फेटल चुका दाबत नाही. ८च्या आधी '@' लागलेल्या ओळीत एरर_रिपोर्टिंग() शून्य सांगायचं, आता ४४३७ सांगतं. जुन्या कोडमध्ये सेट_एरर_हँडलरने स्वतःचा हँडलर (चुका हाताळणारं फंक्शन) लावलेला असेल आणि त्यात 'शून्य असेल तर दुर्लक्ष कर' असं लिहिलं असेल, तर ती अट ८वर कधीच खरी होत नाही. त्याऐवजी आलेली पातळी आणि एरर_रिपोर्टिंग() यांचं '&' करून बघा. उत्तर शून्य आलं तर सोडून द्या.

वर्डप्रेसवाल्यांनो, तुम्ही इनीत केलेली पातळी वर्डप्रेस स्वतः बदलतं. डब्ल्यूपी_डीबग बंद असेल तर ते नोटीस आणि डेप्रिकेटेड गाळून ठरावीक पातळ्याच ठेवतं. ई_ऑल हवं असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डब्ल्यूपी_डीबग ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स करा आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉगला ट्रू न देता बाहेरच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. नुसतं ट्रू दिलं तर लॉग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात बनतो आणि पत्ता ओळखीचा असल्यामुळे कुणीही तो ब्राउझरमध्ये उघडू शकतं.

सगळं लावून झालं की तपासा. अंदाज करता येणार नाही अशा नावाची एक छोटी फाइल सर्व्हरवर टाका. त्यात तीन ओळी: न ठरवलेलं एक व्हेरिएबल छापा, ट्रिगर_एररने ई_यूजर_डेप्रिकेटेडची एक चूक उठवा आणि शेवटी अस्तित्वात नसलेलं फंक्शन बोलवा. ब्राउझरमध्ये उघडा. पानावर काहीही दिसता कामा नये, आणि डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ५०० दिसायला हवा. लॉगमध्ये तीन नोंदी हव्यात: वॉर्निंग (पीएचपी ७वर नोटीस), डेप्रिकेटेड आणि फेटल, आपल्या घड्याळाच्या वेळेसह. ई_डेप्रिकेटेड वगळलं असलं तरी तीनच येतील, कारण ई_यूजर_डेप्रिकेटेड ही वेगळी पातळी आहे. ५००च्या ऐवजी २०० आला तर डिस्प्ले कुठेतरी ऑन आहे, किंवा फेटलच्या आधीच पानावर काही पाठवलं गेलं. लॉग कोरा असेल तर आधी परवानगी बघा, मग लोकल आणि मास्टर व्हॅल्यू. जुळलं की ही फाइल आणि पीएचपीइन्फोची फाइल दोन्ही सर्व्हरवरून लगेच डिलीट करा.